पुढची माझ्याकडून

माझ्या बापाच्या हाडांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तरी माझी जीभ गळून पडो. आमच्या गल्लीत माझी जीभ ज्यांनी ऐकलीय त्यांना कळेल, मी केवढी वस्तू पणाला लावलीय.

तर आमच्या त्रिकाला गावात वायोस म्हणून एक ट्रकवाला. चाळीस वर्षं ट्रक हाकला, आता घरी बसलेला. देवानं त्याला रूप दिलं नाही, पैसा दिला नाही, पण एक विद्या मात्र दिली होती. परक्या गावात, खिशात चार नाणी असताना, चांगलं खाणं हुडकून काढायची. नाक वर केलं की सांगायचा, अमुक चौकात चरबी जुनी आहे, तमुक गल्लीत पिटा ताज्या भाजतायत. जिथे भिंतीवर पदार्थांचे फोटो लावलेत तिथे तो थांबायचा नाही. जिथे दारात माणूस उभा राहून हात धरून आत ओढतो, तिथून तर पळच काढायचा. आणि जिथे ट्रक ओळीनं उभे दिसतील तिथे डोळे मिटून शिरायचं, हा त्याचा वेद. म्हणायचा, "ट्रकवाला बायकोशी खोटं बोलेल, पोटाशी नाही बोलणार."

त्याची बायको असिमीना. बुटकी, तरतरीत, नजर सुईसारखी. कॉफी पिऊन झाली की कप उपडा करायची आणि तळाशी राहिलेल्या गाळात बघून भविष्य सांगायची. गावातल्या बायका रांग लावायच्या. पण नवऱ्याचा कप ती कधी वाचायची नाही. पूर्वी वाचायची, मग एकदम बंद केलं. का, ते कुणाला सांगितलं नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना. लेक पोलिक्सेनी यानिनात दिलेली, तिच्याकडे दोघं निघाली, आपल्या जुन्या पिकअपमधून. आता यानिनाला जायला नवा रस्ता झालाय, डोंगर पोखरून बोगदेच बोगदे, तासाभरात पोचतो माणूस. पण वायोसनं फाट्यावर पिकअप सरळ डावीकडे घातली, जुन्या घाटाला.

"अरे, इकडे कुठे?" असिमीना म्हणाली.

"कातारावरून जाऊ."

"कशाला?"

"जेवायला! नव्या रस्त्यावर पंपापाशी काय मिळतं? सात युरोचं सँडविच! आत टोमॅटोची एक चकती, तीसुद्धा लाजून कोपऱ्यात बसलेली."

"मी घरून चीज-पोळी आणलीय बांधून."

"प्रवासात घरचं खायचं? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? इथे चिटपाखरू तरी दिसतंय का?"

खरंच नव्हतं. नवा रस्ता झाला तसा तो घाट मेला. वरची खानावळ बंद, दारं मोडलेली, पंपाच्या टाकीवर गवत. कातारा म्हणजे शाप. ज्यानं घाटाला नाव ठेवलं त्यानं निदान लपवाछपवी केली नाही.

असिमीनानं मांडीवरची बांधलेली चीज-पोळी घट्ट धरली. सत्तावीस वर्षांत ती या रस्त्यानं आली नव्हती. वायोस यायचा, धंदाच तसा, पण वरच्या मोठ्या वळणाशी मान सरळ ठेवून पुढे जायचा. त्या वळणाला सात देव्हाऱ्या आहेत. आमच्याकडे रस्त्यावर कुणी गेला की घरचे तिथे खांबावर पत्र्याची छोटी देव्हारी बसवतात, आत फोटो, तेलाची दिवली. सात खांब, सात ट्रकवाले. त्यातला शेवटचा झीसिस. वायोसचा कुम्बारोस, म्हणजे ज्यानं यांच्या लग्नात नवरानवरीच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा फिरवले तो. आमच्यात कुम्बारोस सख्ख्या भावापेक्षा जवळचा. झीसिस नावाचा अर्थच 'तू जगशील' असा. पस्तिशीत गेला बिचारा. पीच फळांचा ट्रक घेऊन, भर दुपारी, त्या वळणावरून खाली.

ही दोघं घाटात शिरली तेव्हाही भर दुपारच होती. आता शेंबड्या पोरालासुद्धा आमच्याकडे माहीत असतं, सावली पायाखाली गेली की झाडाखाली, पाण्यापाशी, तिठ्यावर थांबू नये. रात्रीची भुतं निदान घाबरतात तरी. दुपारची घाबरत नाहीत.

घाटात चढताना झाडांवरचे किडे किरकिरून कानठळ्या बसवत होते. आणि एका वळणानंतर एकदम थांबले. कुणीतरी मूठ आवळावी तसे.

"अहाहा," वायोस म्हणाला.

"काय अहाहा?"

"वास! ओरेगानो. लिंबू. डुकराचं मांस, खांद्याचं, कोळशावर. पंख्याचा वारा नाही हं, हातानं घातलेला वारा. असिमीना, देवाशप्पथ, असा वास वीस वर्षांत आला नव्हता."

वळण ओलांडलं, तर समोर ट्रक. ओळीनं उभे. असिमीनानं मोजले: सात. आणि ट्रकांच्या पलीकडे, दरीच्या काठाला, एक टपरी. पांढरी पत्र्याची, छताला निळी पट्टी, वर धूर.

"बघ!" वायोसनं स्टिअरिंगवर थाप मारली. "काय सांगत होतो? सात ट्रक! आणि फळा बघ, फळा!"

फळ्यावर खडूनं लिहिलेलं, सुवलाकी पिटा, म्हणजे सळीवर भाजलेलं मांस पोळीत गुंडाळून, दीडशे द्राख्मा.

"द्राख्मा?" असिमीना म्हणाली. "अरे, द्राख्मा जाऊन युरो आला त्याला किती वर्षं झाली?"

"जुना फळा असेल. आळशी आहेत. आळशी टपरीवाला स्वयंपाकात हुशार असतो, आतलं लक्ष बाहेर नाही."

"ते ट्रक बघ."

"ट्रकच बघतोय."

"नीट बघ. असले ट्रक आता कुणी चालवतं का?"

त्यानं नाही बघितलं. त्याचं नाक पुढे होतं आणि बाकीचा वायोस नाकामागून चालला होता. असिमीना उतरली. वाईट टळावं म्हणून कपड्याच्या आत तीनदा थुंकली, फ्तू, फ्तू, फ्तू, आणि त्याच्यामागे गेली. आता तिला देव्हाऱ्या शोधायच्या होत्या. जिथे सात खांब असायला हवे होते तिथे सात ट्रक उभे होते. खांब एकही नव्हता.

टपरीच्या फळीशी सात माणसं पाठमोरी उभी. खात होती. आणि इथेच असिमीनाच्या पाठीतून बर्फाचा खडा सरकला. का माहीत आहे? कुणी बोलत नव्हतं. सात आपली माणसं, हातात पिटा, आणि आवाज नाही! ना फुटबॉल, ना सरकार, ना "मीठ दे रे". आमच्याकडे अंत्यविधीच्या जेवणातसुद्धा दोन भांडणं होतात. इथे नुसतं चावणं. सात जबडे एका तालात. मांसावर माशी नाही. कोळसे लालबुंद, पण फळीजवळ गेलं तर अंगाला गार लागत होतं, तळघराचं दार उघडल्यावर लागतं तसं.

फळीमागे काळ्या कपड्यांतली एक लठ्ठ बाई पुठ्ठ्यानं वारा घालत होती. ती वर न बघता म्हणाली, "आठवी जागा रिकामी आहे."

आणि सातवा माणूस वळला.

"उशीर केलास, वायोस."

झीसिस. केस काळेभोर. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, त्याची सवय होती तशी. कानामागे सिगारेट. चेहऱ्याची एक बाजू त्यानं वळवली नाही, ती दरीकडे ठेवून बोलत होता.

असिमीना किंचाळणार होती. पण किंचाळी फुटली नाही, कारण वायोस हसला. असा हसला जसा काल संध्याकाळीच दोघं भेटले होते. डोळे त्याचे उघडे होते, पण आत कुणी नव्हतं.

"अरे कुम्बारे! कुठे होतास रे इतके दिवस?"

"इथेच. वाट बघत. दाढी पांढरी झाली तुझी."

"बायकोमुळे."

"पोट पण बायकोमुळे?"

"ते चीज-पोळीमुळे."

दोघं हसले. बाकीचे सहा चावत राहिले. काळ्या कपड्यांतल्या बाईनं कागदात गुंडाळलेली पिटा फळीवर ठेवली. मांस ठासून भरलेलं, कांदा, टोमॅटो, कागदातून रस पाझरत होता. असिमीनाचं पोट सकाळपासून रिकामं, तिच्यासुद्धा तोंडाला पाणी सुटलं. ते तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

"घे," झीसिस म्हणाला. "माझ्याकडून."

"छे छे! मी देतो."

"खिशात हात घातलास तर तोडीन हात. माझ्या वळणावर येऊन तू पैसे देणार?"

"बरं बाबा," वायोस पिटा उचलत म्हणाला, "मग पुढची—"

आता तुम्हाला सांगायला नको. हे वाक्य आम्ही दिवसातून दहा वेळा बोलतो. कुणी कॉफी पाजली, कुणी पेला भरला, कुणी सिगारेट दिली, की तोंडातून आपोआप निघतं: पुढची माझ्याकडून. न बोलणारा माणूस नाही, कवडीचुंबक. लहान पोरं 'आई' म्हणायच्या आधी हे शिकतात. आणि बोललेलं पाळावं लागतं. परत यावं लागतं, त्याच जागी, त्याच माणसाकडे.

असिमीनानं वायोसच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचं वाक्य मधेच तुटून "आई गं!" झालं.

सहा जबडे थांबले.

"पुढची काय, वायोस?" झीसिसनं हळूच विचारलं.

"पुढची-बिढची राहू दे," असिमीना म्हणाली. तोंड कोरडं पडलं होतं, पण नवऱ्याला दटावायला ओल लागत नाही. "आधी हात धुऊ देत. आणि तू! मी येईपर्यंत घासाला तोंड लावलंस तर पोलिक्सेनीला सांगेन, आईला सोडून एकटा जेवलास म्हणून."

वायोसनं तोंडाशी नेलेली पिटा खाली घेतली. डोळे रिकामे होते, पण अडतीस वर्षांचा संसार डोळ्यांत नसतो, हाडांत असतो.

असिमीना टपरीच्या मागे निघाली. झीसिसच्या जवळून जावं लागलं. तो तिच्याकडे न बघता पुटपुटला, "चाव्या पिठाच्या डब्यात होत्या ना?"

ती जागीच वळली.

हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. ना वायोसला, ना पाद्र्याला. सत्तावीस वर्षांपूर्वी, त्या दिवशी सकाळी, तिनं नवऱ्याच्या कपात वळण बघितलं होतं. गाळात वळण, आणि वळणाखाली काळं. तिनं त्याच्या ट्रकच्या चाव्या पिठाच्या डब्यात खुपसल्या. वायोसनं अख्खं घर पालथं घातलं. पीच नासतील म्हणून शेवटी त्यानं झीसिसला हाक मारली आणि झीसिस म्हणाला, ही खेप माझ्याकडून. वायोस म्हणाला, पुढची माझ्याकडून.

"मला फक्त माझ्या घरातला वाचवायचा होता," ती कुजबुजली.

"ठाऊक आहे. माझी बायको असती तर तिनंही केलं असतं. मला बायको नव्हती." त्यानं फळीवरच्या आठव्या जागेकडे बोट केलं. "ही जागा त्याची आहे, असिमीना. मी राखून ठेवलीय. त्यानं तेवढं एक वाक्य पुरं करू दे."

ती पुढे गेली. टपरीच्या मागे दरी होती, पाणी नव्हतं. पण हात धुवायला ती निघालीच नव्हती. आमच्याकडे पाहुणचाराचं भांडण जिंकायची एकच युक्ती आहे. बिल मागायची वेळ आली की हरलात. आधीच उठायचं, मोरीकडे जातो म्हणायचं, आणि मागच्या दारानं मालकाला गाठून सगळ्यांचे पैसे चुकते करायचे. मग समोरच्यानं कितीही आदळआपट करू दे. खाऊन झालं, दिलं गेलं, संपलं. पुढची-मागची काही उरत नाही.

"बाई," ती फळीच्या आतल्या बाजूनं म्हणाली, "या सगळ्यांचे किती?"

काळ्या कपड्यांतल्या बाईनं पहिल्यांदा वर बघितलं. "सगळ्यांचे?"

"सातांचे आणि माझ्या नवऱ्याचे. माझ्याकडून."

"इथे आजवर कुणी सगळ्यांचं दिलं नाही."

"मग आज देते."

तिनं पन्नासची नोट पुढे केली. बाईनं ती उलटी केली, सुलटी केली. "हे कुठल्या देशाचे?"

"आपल्याच."

"असू देत. कागद आहे. जळतो." आणि नोट तिनं कोळशावर ठेवली. निळा जाळ आला नि गेला. "झालं. पण पोरी, रीत तुला माहीत आहे. तू आता यांना चारलंस. हे आपली माणसं आहेत. परत दिल्याशिवाय राहणार नाहीत."

"ते माझं मी बघेन."

"बघशील," बाई म्हणाली आणि वारा घालू लागली.

पुढच्या बाजूला झीसिस म्हणत होता, "पुढची काय रे, वायोस? बोल ना. बायको काय खाणार आहे तुला?"

वायोसचे ओठ हलत होते. "पुढची... पुढची..."

"पुढची नाही, मागची नाही!" असिमीना पुढे येऊन ओरडली. "सगळ्यांचं देऊन झालं. माझ्याकडून. अंगी लागू दे!"

आणि मग, बापरे, मग ती टपरी बोलली. सातही माणसं एकदम वळली. तोंडं कशी होती विचारू नका. वळणावरून खाली गेलेल्याची असतात तशी होती. आणि सगळे एकदम ओरडायला लागले. हे काय? बाईमाणसानं द्यायचं? माझ्या टेबलावर? आमचा अपमान! पैसे परत घे! एकानं फळीवर मूठ आपटली, दुसऱ्यानं टोपी जमिनीवर फेकली. मेलेले असले तरी होते आपलेच. झीसिस तर पांढराफटक पडला. सत्तावीस वर्षं थांबलेल्या माणसाच्या हातून शेवटच्या क्षणाला कुणी बिल हिसकावून घ्यावं, यासारखं दुःख नाही.

"असं नाही करायचं, असिमीना," तो म्हणाला. आता त्यानं चेहऱ्याची दुसरी बाजूही वळवली. "असं नाही करायचं. मग पुढची आमच्याकडून. एकेकाकडून. माझी शेवटी. शब्द आहे."

जिभेच्या टोकाशी आलं होतं तिच्या: हो हो, या की! लहानपणापासूनची सवय. तिनं जीभ दातांखाली धरली, रक्त येईपर्यंत. वायोसच्या हातातली पिटा हिसकून फळीवर आपटली, त्याची कॉलर धरली आणि ओढत नेऊन पिकअपमध्ये कोंबला. चावी स्वतः फिरवली. तिला गाडी येत नव्हती. तरी घाट उतरली.

खाली मेत्सोवो गावाच्या फाट्यावर ती किरकिर पुन्हा सुरू झाली. वायोसनं डोळे चोळले. "काय गं? टपरी बंद होती ना?"

"बंद होती."

"तरी म्हटलं. आणि तू का चालवतेयस? मरायचंय का?"

यानिनाच्या अलीकडे पंपावर त्यानं सात युरोचं सँडविच घेतलं. सबंध वाटभर शिव्या घातल्या. असिमीना रडत होती आणि त्याला वाटलं, सात युरोमुळे.

पुढच्या जुलैत, भर दुपारी, अख्खी गल्ली झोपलेली असताना, असिमीनाच्या दारात ट्रकचा भोंगा वाजला. जुना भोंगा, तीन सुरांचा. बाहेर आली तर रस्ता रिकामा. कुंपणाच्या भिंतीवर कागदाची पुडी. गरम. ओरेगानोचा वास.

तिनं ती उघडली नाही. अंजिराखाली खड्डा खणून पुरली.

त्याच्या पुढच्या जुलैत दुसरा भोंगा. मग तिसरा. दर वर्षी एकेकाचं. सहा झाले. सहाच्या सहा पुड्या तिनं अंजिराखाली पुरल्या. त्या झाडाला आता अंजिरं धरत नाहीत.

यंदा सातवं वर्ष. झीसिसची पाळी. बाकीचे परके होते, भिंतीवर ठेवून गेले. कुम्बारोस भिंतीवर ठेवून जात नाही. कुम्बारोस आत येतो, टेबलाशी बसतो, आणि तुम्ही घास घेईपर्यंत उठत नाही. असिमीनाला हे माहीत आहे. तिनं जून संपायच्या आत वायोसला लेकीकडे पाठवून दिलं, काहीतरी खोटं सांगून. पुढचं दार तिनं आतून खिळे मारून बंद केलं. मग दोन दिवसांनी स्वतःच खिळे काढले. मी तिची शेजारीण, मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "त्याच्यावर दार बंद कसं करू? आमचे मुकुट त्यानं फिरवलेत." आता टेबलावर दोन ताटं मांडून ठेवते रोज दुपारी. एक कपही उपडा ठेवते. वाचत नाही. आज जुलैची अकरा तारीख.

असो. शपथ घेतलीय तर एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर बापाची हाडं कुरकुरतील. सहाही पुड्या तिनं पुरल्या म्हणाले ना मी? पाच पुरल्या. चौथ्या वर्षीची वाऱ्यानं भिंतीच्या माझ्या बाजूला पडली होती, आणि दुपारची वेळ, घरात कालचे वाटाणे. चांगली होती हो. मीठ जरा कमी होतं, एवढंच.